बाबांची १९८६ ची गो-कार्ट लेकीसाठी पुन्हा उभी करतोय, सल्ले हवेत (नाशिक)

पंचवटी_एक्सप्रेस | १५ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

काल पतंगाची आसारी (मांजाची फिरकी) शोधायला जुन्या घराच्या मागच्या खोलीत शिरलो. आसारी काही सापडली नाही, पण मोडक्या पाटांच्या आणि पोत्यांच्या ढिगाखाली माझी गो-कार्ट सापडली. बाबांनी १९८६ च्या दिवाळीत माझ्यासाठी केलेली. बाबा सातपूरला एका कंपनीत टर्नर होते. त्यांच्या साहेबांनी कुठल्याशा अमेरिकन मासिकातलं चित्र दाखवलं, त्यावरून केली. नकाशा नाही, मापं नाहीत.

सांगाडा लोखंडी कॉटच्या पाइपचा, पितळी वेल्डिंगचा. स्टिअरिंग म्हणजे भंगारात निघालेल्या लेथच्या टेलस्टॉकचं हँडव्हील. चाकं कारखान्यातल्या ट्रॉलीची, ३.००-४ मापाची. इंजिन लुनाचं, ५० सीसी. बाबा म्हणतात, त्यात सेंट्रिफ्युगल क्लच तयारच मिळतो, पोराला क्लच-गिअर शिकवायची कटकट नाही. आणि ब्रेक? पाय दाबला की मागच्या टायरवर घासणारी बाभळीची खुंटी.

एक गोष्ट पक्की आठवते. गाडी वळायचीच नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी नाकासमोर जायची. मग मी वळणाच्या बाहेरच्या बाजूला अंग झोकून द्यायचो, की वळायची. का ते आजपर्यंत कळलेलं नाही.

लेक नऊ वर्षांची आहे. तिने धूळ झटकली आणि जाहीर केलं, "आबांनी केलीय ना? मग माझीच." आता मागे फिरायची सोय नाही.

मी बँकेतला माणूस. पाना आणि पक्कड यातला फरक कळतो, एवढंच. कॉटच्या पाइपावर पोरीला बसवावं का, जाम झालेलं इंजिन सुटेल का, आणि हे सगळं करावं की भिंतीला टांगून ठेवावं, सांगा. फोटो जोडतोय.

जुनंतेसोनं | १५ जानेवारी, रात्री ११:०५

फोटो दिसत नाहीत.

पण वर्णनावरूनच सांगतो, रंगाला हात लावू नका. चाळीस वर्षांचा गंज आणि ओरखडे हीच तिची किंमत आहे. मी दोन जुन्या स्कूटरी उभ्या केल्यात. पहिली चकचकीत रंगवली आणि आजही पस्तावतोय. इंजिन चालू करा, टायर बदला, बाकी जसं आहे तसं ठेवा.

तिसरी_पाळी | १६ जानेवारी, सकाळी ७:२०

पाळी संपवून आलोय, थोडक्यात लिहितो म्हणता म्हणता लांबेल.

वळत नव्हती त्याचं कारण आधी. गो-कार्टला डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर पक्की. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, पण ॲक्सल दोघांना सारखंच फिरवतो. त्यामुळे गाडी सरळच रेटत राहते. उपाय एकच, वळताना आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे, निदान हलकं झालं पाहिजे. हे काम पुढच्या चाकांचा कॅस्टर करतो, म्हणजे किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ) वरच्या टोकाला मागे कललेली असते तो कोन. स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, बाहेरचं वर जातं, आणि सांगाडा पिळवटून मागचं आतलं चाक उचलतो. तुमच्या बाबांनी किंगपिन बहुतेक सरळ उभ्या ठेवल्या असणार. मग ते वजन तुम्ही अंगाने टाकत होतात. लहान पोराने स्वतःहून शोधून काढलं म्हणजे कमालच.

दुसरं, पाइप. कॉटचा पाइप पातळ असतो आणि आतून गंजतो. बाहेरून रंग टवटवीत, आत पापुद्रे. हातोडीने हलके ठोकत जा. टणटण वाजला तर बरा, भदभद वाजला तर तिथे ३ मिमीचं भोक पाडून जाडी बघा. १.६ मिमीच्या खाली असेल तर तो तुकडा कापून टाका. जोड मात्र डोळ्यांनी तपासू नका. डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, भेगा दाखवणारी) करा. लाल डाय फवारायची, दहा-पंधरा मिनिटांनी पुसायची, वर पांढरा डेव्हलपर. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. अंबड-सातपूरला कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे तीन डब्यांचा हा संच असतो.

आणि नवीन पाइप घ्याल तर काळा ईआरडब्ल्यू (साधा, वेल्ड केलेला) घ्या, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. अनुभव आहे.

नियमावली | १६ जानेवारी, सकाळी ९:४८

कुणी लिहीत नाही म्हणून मी वाईटपणा घेतो. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. गंगापूर रोड पहाटे मोकळा असतो वगैरे कारणं सांगू नयेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही, ते वेगळंच. बंदिस्त खाजगी आवार शोधा.

बॅकलॉग_बाकी | १६ जानेवारी, दुपारी १:१५

काका, आम्ही कॉलेजच्या कार्ट टीममध्ये होतो (गाडी धावली, विषय राहिले). पुढची दोन चाकं सारख्याच कोनात वळतात का बघा. वळताना आतल्या चाकाने जास्त वळलं पाहिजे, कारण त्याचं वर्तुळ लहान. त्यासाठी स्टब ॲक्सलचे (पुढच्या चाकांच्या छोट्या आसांचे) वळवणारे दांडे थोडे तिरके ठेवायचे. दोन्ही दांड्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या ॲक्सलच्या मध्याशी भेटल्या पाहिजेत. यालाच ॲकरमन म्हणतात. दोरी लावून दहा मिनिटांत तपासता येतं.

द्राक्षवाला | १६ जानेवारी, रात्री ९:३०

भाऊ, लुनाचं इंजिन सोडा. आमच्याकडे फवारणीच्या पंपाचं होंडाचं १६३ सीसी पडून आहे, फोर-स्ट्रोक, एका दोरीत सुरू. घेऊन जा, पैसे नंतर बघू. पिंपळगावकडे आहे मी.

तिसरी_पाळी | १६ जानेवारी, रात्री १०:०२

द्राक्षवाला दादा, मन मोठं आहे तुमचं, पण नऊ वर्षांच्या पोरीला १६३ सीसी नको. परदेशात या वयाची मुलं ६० सीसीच्या गटात धावतात, त्याहून लहान ५० सीसीवर. बाबांनी इंजिन बरोबर निवडलं होतं, चित्र बघून का होईना.

चौथा_गिअर | १७ जानेवारी, दुपारी ३:३३

चित्राचा विषय निघाला म्हणून. पहिली गो-कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसाने बनवली. तो कर्टिस क्राफ्ट या रेसिंग गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. इंजिन गवत कापायच्या यंत्राचं, वेस्ट बेंड कंपनीचं टू-स्ट्रोक. पाइपचा सांगाडा, मागे इंजिन, वर काही नाही. पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये ती फिरवायचा आणि बघ्यांची झुंबड उडायची. दोन वर्षांत तिथे कार्ट विकणारी कंपनीही निघाली.

म्हणजे तिकडे एका रेसिंगवाल्याने गवताच्या यंत्राचं इंजिन उचललं, इकडे सातपूरच्या टर्नरने लुनाचं. बाबांनी नक्कल केली असं म्हणू नका, पद्धतच तीच आहे.

कोपऱ्यावरची_आई | १७ जानेवारी, रात्री ८:१०

सगळं छान, पण सीटबेल्टचं कुणीच बोलत नाही! आणि मुलीचे केस लांब आहेत का?

तिसरी_पाळी | १७ जानेवारी, रात्री ११:५०

ताई, केसांचं तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. फिरत्या ॲक्सलमध्ये केस किंवा ओढणी अडकून आपल्याच देशात जीव गेले आहेत. चेन, स्प्रॉकेट आणि ॲक्सल पूर्ण झाकणारं पत्र्याचं कव्हर हवं, नुसती पट्टी नको. वेणी घालून शर्टाच्या आत, वर पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, गळ्यात काही नाही.

सीटबेल्ट मात्र नको. हे ऐकायला उलटं वाटतं. डोक्यावर पिंजरा नसलेली गाडी उलटली तर बेल्टने बांधलेला माणूस तिच्याखाली चिरडतो. म्हणून कार्टला बेल्ट नसतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी मांड्या आणि कंबर धरून ठेवणारी खोल सीट हवी. प्लायवूडची सपाट फळी असेल तर ती आधी काढा.

पंचवटी_एक्सप्रेस | २ फेब्रुवारी, रात्री ११:१५

उशिराबद्दल माफी. घरात दोन आठवडे रणधुमाळी चालू होती.

मी 'जुनंतेसोनं' यांचा सल्ला मनावर घेतला होता. जे आहे ते जपायचं, असं ठरवून बाबांना वरच्या सगळ्या प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. वाटलं, भरून येईल. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "कॅस्टर मला तेव्हा माहीत नव्हता. पुढे टूलरूममध्ये आलो तेव्हा कळला. चूक कळल्यावर ती जपून काय ठेवायची? लोणचं घालायचंय का?"

मी म्हटलं, बाबा, पण तुमच्या हातचं आहे. तर म्हणे, "हातचं आहे म्हणूनच सांगतोय. कॉटचा पाइप होता, कारण दुसरा परवडत नव्हता."

माझ्या सगळ्या भावनांचा असा बाभळीच्या खुंटीने ब्रेक लागला. मग आमचा तह झाला. सांगाड्याचा आकार, हँडव्हील आणि इंजिन तेच राहील. जे फिरतं आणि जे थांबवतं ते सगळं नवीन.

डीपी टेस्ट करून घेतली. स्टिअरिंगचा खांब जिथे पुढच्या आडव्या पाइपाला मिळतो तिथे अंगठ्याएवढी लाल रेघ उमटली. माझ्या अंगावर काटा आला. मी याच गाडीवरून पेठ रोडच्या उतारावर सुटलेला आहे.

जुनंतेसोनं | ३ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

बाबांना दंडवत. शब्द मागे घेतो. लोणच्याचं वाक्य आमच्या गॅरेजच्या दारावर लावतोय.

पण एक सांगायचं राहिलं, आणि हे जुना रंग खरवडण्याआधी वाचा. त्या काळी लोखंडावर शेंदरी प्रायमर मारायचे, रेड लेड. म्हणजे चक्क शिसं. मारुतीला लावतो तो पारंपरिक शेंदूरही हेच लेड ऑक्साइड. याला रेड ऑक्साइड समजू नका, तो लोखंडाचा ऑक्साइड, विटकरी रंगाचा. नारिंगी-शेंदरी थर दिसला की ग्राइंडर आणि कोरडा पॉलिश पेपर बंद. ती धूळ मुलांच्या पोटात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. पेंट रिमूव्हर लावा, ओला पेपर मारा, पुसलेली फडकी पिशवीत बांधून टाका. आणि लेकीला त्या दिवशी आजोळी पाठवा. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही, हा नियमच आपल्याकडे २०१६ साली आला.

क्लचच्या जुन्या लायनिंगचंही तसंच. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या प्रेशरने उडवून साफ करू नका.

पंचवटी_एक्सप्रेस | ३ फेब्रुवारी, सकाळी १०:४१

शेंदरीच आहे. मी काल लेकीसोबत एक बाजू कोरड्या पेपरने घासायला सुरुवात करणार होतो. दुपारी पाहुणे आले म्हणून राहिलं. त्या पाहुण्यांना मी मनात बरंच काही बोललो होतो, आता जाऊन चिवडा देऊन येतो.

पंचवटी_एक्सप्रेस | २८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

इंजिनाचा अध्याय.

पिस्टन जाम होता. प्लगच्या भोकातून डिझेल भरून चार दिवस ठेवलं. पाचव्या दिवशी बाबांनी फ्लायव्हीलला हाताने हलका हिसका दिला, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि केसभर हललं. मी लाकडी हातोडी घेऊन उभा होतो, ती त्यांनी काढून घेतली. उघडल्यावर सिलिंडरमध्ये गंजाची एक खोल रेघ. बोअरिंग करून ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन बसवला. रिंगा आणि पिस्टन द्वारका चौकाजवळच्या एका जुन्या दुकानात मिळाले. दुकानदार म्हणाला, लुनाचं सामान विचारणारे आता फक्त दोन प्रकारचे येतात, म्हातारे दूधवाले आणि तुमच्यासारखे वेडे.

ठिणगी पाडणारे पॉइंट पांढरे पडले होते. घासून ०.४ मिमीचा गॅप ठेवला, कंडेन्सर नवा. ठिणगी निळी पडली. पण इंजिन सुरू होऊन मिनिटभरात रेस वाढवत मरतंय. कार्बोरेटर तीनदा धुतला. काय करू?

तिसरी_पाळी | १ मार्च, सकाळी ७:०५

क्रँकचे ऑइल सील बदललेत का? टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून जातं. चाळीस वर्षांचा सील लाकडासारखा कडक झालेला असतो, तिथून बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि रेस आपोआप चढते. तसंच चालवलंत तर नवा पिस्टन परत जाम. चालू इंजिनाच्या सीलजवळ थोडं कार्ब क्लीनर मारून बघा. आवाज बदलला तर तोच चोर. मॅग्नेट काढायला पुलरच वापरा, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

द्राक्षवाला | १ मार्च, सकाळी ८:१२

आणि टाकीत पेट्रोल ठेवून देऊ नका भाऊ. आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप फुगवतं. आमचे पंप हंगाम संपला की रिकामे करून, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत चालवून ठेवतो. नाहीतर पुढच्या छाटणीला मेस्त्री बोलवावाच लागतो.

पंचवटी_एक्सप्रेस | ८ मार्च, रात्री ९:५०

सीलच होते. बदलले. काल रात्री लुना चाळीस वर्षांनी घरात बोलली. निळा धूर, तो वास, शेजारच्या काकू खिडकीत. बाबा म्हणाले, "टूटी जास्त झालं." टूटी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, लिटरला ५० मिली टाकलं होतं मी, भीतीपोटी. आता ३० वर आणलंय.

पंचवटी_एक्सप्रेस | ६ एप्रिल, दुपारी ४:००

सांगाड्याचं काम झालं. पाइप शेवटी सगळाच नवीन घेतला, २ मिमीचा. जुन्याचा एकच तुकडा ठेवलाय, सीटमागचा आडवा, ज्यावर बाबांनी पंचने सन ठोकलं आहे. तो भार घेत नाही, नुसता बसवलाय. डीपी टेस्ट त्याचीही केली, उगाच.

मागचा ॲक्सल आधी २० मिमीचा होता आणि मध्ये वाकलेला. आता २५ मिमीचा, ईएन-८ पोलादाचा, यूसीपी २०५ नावाच्या बेअरिंगवर. चावीचा गाळा (स्प्रॉकेट ॲक्सलवर घट्ट धरणाऱ्या पट्टीची खाच) बाबांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून काढून घेतला. तिथल्या पोराने सीएनसीवर करतो म्हटलं तर बाबा म्हणे, सरळ गाळ्याला कशाला संगणक. ८ मिमीची चावी अशी बसलीय की हलत नाही आणि अडतही नाही.

कॅस्टरचा किस्सा सांगण्यासारखा आहे. १२ अंश ठेवायचं ठरलं. बाबांनी कालनिर्णयच्या पानामागे आकृती काढली. कोन मोजायला घरात काही नव्हतं, तेव्हा लेकीने कंपासपेटीतला कोनमापक आणला. त्याच्या मध्याला दोरा, दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि किंगपिन धरणारे दोन्ही सी-ब्रॅकेट टाके मारण्याआधी तिने स्वतः तपासले. डावा साडेअकरा निघाला. बाबांनी सोडवून परत लावला. वेल्डर वैतागला होता, "अर्ध्या अंशाने काय होतंय आजोबा?" त्यावर लेकच म्हणाली, "गाडी एकीकडे ओढेल."

हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी तर नाही.

बॅकलॉग_बाकी | ६ एप्रिल, दुपारी ४:३०

तिला आमच्या कॉलेजात पाठवा, आमची गाडी एकीकडेच ओढायची.

वेगाचं गणित केलंत का?

पंचवटी_एक्सप्रेस | ६ एप्रिल, रात्री १०:१०

केलं. इथे बँकेतला माणूस उपयोगी पडला. इंजिन ५,००० आरपीएम धरलं. बाबांचं जुनं एकूण गुणोत्तर ८ ला १ होतं, म्हणजे चाक मिनिटाला ६२५ फेरे. टायरचा व्यास २६ सेमी, परीघ साधारण ८२ सेमी. ताशी ३० किमीच्या वर जातं. बुड जमिनीपासून चार बोटांवर असताना ३० म्हणजे ८० वाटतात. ॲक्सलवरचं स्प्रॉकेट ३६ दात्यांचं होतं, तिथे ५४ चं लावलं. गुणोत्तर १२ ला १, वेग २० च्या आसपास. मोठी झाली की स्प्रॉकेट बदलेन.

तिसरी_पाळी | ६ एप्रिल, रात्री ११:४५

उत्तम. थ्रॉटल दाबून धरला तर थांबण्याची जागा ठेवा, एवढंच नाही, तर थ्रॉटल अडकलाच तर काय याचाही विचार करा. पेडलला एक आणि कार्बोरेटरला एक अशा दोन वेगळ्या स्प्रिंगा. दोरीचा किल स्विच (ओढला की इंजिन बंद), दोरीचं टोक तिच्या मनगटाला. शक्य असेल तर दुसरा स्विच रिमोटचा, तुमच्या हातात.

पंचवटी_एक्सप्रेस | ३ मे, रात्री ९:२५

या महिन्याचे पराक्रम, दोन्ही माझे एकट्याचे.

एक. ट्रॉलीच्या चाकाची रिम दोन तुकड्यांची असते, बोल्टने जोडलेली. ट्यूब बदलायला मी बोल्ट सोडवायला बसलो. हवा न काढता. तीन बोल्ट निघाले आणि चौथा सोडताना बाबा आत आले. त्यांनी एवढ्या मोठ्या आवाजात मला शेवटचं कधी हाक मारली होती, आठवत नाही. बहुधा १९८६. दाबाखालची रिम फुटते तेव्हा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो. आधी व्हॉल्व्ह काढायचा, मग पाना हातात घ्यायचा. टायरसुद्धा आता ट्रॉलीचे नाहीत, त्याच मापाचे वेगासाठी चालणारे घेतले.

दोन. ब्रेक १५० सीसी मोटरसायकलचा मागचा डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर. ऑइल भरताना सांडलं, मी फडक्याने पुसलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर नवा कोरा निळा रंग सायीसारखा सुरकुतलेला. ब्रेक ऑइल रंग खातं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं पोर रडेल. तिने त्या सुरकुतीवर ९ आकड्याचं स्टिकर चिकटवलं.

'जुनंतेसोनं' म्हणतात ते ओरखडे आले म्हणायचे, गाडी धावायच्या आधीच.

जुनंतेसोनं | ३ मे, रात्री ९:४०

बाटलीभर पाण्याने लगेच धुतलं असतं तर वाचला असता. पण ९ चांगला आहे.

फोटो अजूनही दिसत नाहीत हो.

द्राक्षवाला | ३ मे, रात्री १०:०५

भाऊ, चालवायला जागा शोधलीत का? आमचं पॅकहाउसचं काँक्रीटचं आवार आता रिकामंच आहे. माल एप्रिलमध्ये संपला, खरड छाटणीही आटोपली. तीन बाजूंनी भिंत, फाटक बंद करता येतं. क्रेट रचून ट्रॅक आखून देतो. नियमावली साहेबांनाही बोलवा, त्यांच्या डोळ्यांसमोर कायदेशीर होऊ द्या.

नियमावली | ३ मे, रात्री १०:३१

येतो. हेल्मेट आयएसआय असावं, आणि तिच्या मापाचं. मोठ्याचं हेल्मेट मुलाला घालून उपयोग नसतो, ते निसटतं.

पंचवटी_एक्सप्रेस | १८ मे, रात्री ११:००

रविवारी सकाळी सहाला टेम्पोत गाडी घालून निघालो. उन्हं चढायच्या आत उरकायचं होतं. 'द्राक्षवाला' यांनी क्रेटच्या दोन ओळींत वेडंवाकडं वळण आखलं होतं आणि प्रत्येक क्रेटमागे जुने टायर. 'तिसरी पाळी' रात्रपाळी करून थेट आले. 'नियमावली' फीत घेऊन आले आणि भिंतीपासूनचं अंतर मोजलं. इथे तीन वर्षं त्यांच्याशी वाद घालणाऱ्या लोकांना सांगतो, माणूस प्रत्यक्षात फार मऊ आहे.

पहिला फेरा इंजिन बंद ठेवून, ढकलत. ब्रेक, स्टिअरिंग. मग चालू करून बाबांनी मागचा भाग स्टँडवर उचलून थ्रॉटल दहा वेळा सोडून बघितला, प्रत्येक वेळी रेस खाली येते का. मग नट पुन्हा. सगळीकडे सैल न होणारे नायलॉक नट, स्टिअरिंगला वर कॉटर पिन. मला घाई झाली होती, पोरीला नव्हती. ती बाबांच्या शेजारी उकिडवी बसून नट मोजत होती.

मग बसली. वीस फुटांवर चेन पडली.

चेन सैल नव्हती, स्प्रॉकेट दोन मिलिमीटर बाजूला होतं. यूसीपीच्या ग्रबस्क्रूला (ॲक्सल धरणाऱ्या छोट्या स्क्रूला) लॉकटाइट हा स्क्रू सैल न होऊ देणारा गोंद लावायचा राहिला आणि ॲक्सल सरकला. मी म्हणालो, आज राहू दे. सरळ पट्टी नव्हती, तर 'द्राक्षवाला' यांनी बेदाण्याच्या शेडमधून ॲल्युमिनियमची पट्टी काढून आणली. पंधरा मिनिटांत रांगेत लागली.

दुसऱ्यांदा निघाली ती थेट वळणावर गेली. मी श्वास रोखून बघत होतो, बाबांची नजर मात्र मागच्या डाव्या चाकावर. वळली. अंग न झोकता, दोन्ही हात हँडव्हीलवर ठेवून, बसल्या जागी वळली. आतलं चाक बोटभर उचललं गेलं आणि परत टेकलं. 'तिसरी पाळी' ओरडले, "उचललं, उचललं!" बाबा काही बोलले नाहीत. खिशातून विडी काढली, पेट्रोल जवळ आहे हे आठवलं, परत ठेवली.

सोळा फेरे झाले. मग क्लच तापल्याचा वास आला म्हणून थांबवलं. थांबल्यावर तिचं पहिलं वाक्य, "हळू आहे."

कोपऱ्यावरची_आई | १९ मे, सकाळी ८:०५

वाचताना माझेच हात थरथरत होते. केस आत घातले होते ना?

पंचवटी_एक्सप्रेस | १९ मे, सकाळी ८:२०

हो ताई. वेणी शर्टात, शर्ट पँटीत, चेनवर कव्हर. तुमच्या नावाने रोज दम देतोय.

बॅकलॉग_बाकी | १९ मे, दुपारी १२:४०

क्लच तापतोय कारण वळणावर इंजिन तो पूर्ण पकडेल इतक्या आरपीएमच्या खाली जातंय, घसरत राहतोय. वळणं थोडी मोकळी आखा किंवा स्प्रॉकेट अजून मोठं लावा. वेग आणखी कमी होईल, मग काय म्हणेल माहीत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस | १९ मे, दुपारी १:१०

वळणं मोकळी करतो. वेग कमी करायची माझी हिंमत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस | ७ जून, रात्री १०:१५

शाळा उघडायला आली, पाऊस दारात आहे. टाकी रिकामी केली, कार्बोरेटर सुकवला, प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल टाकून पिस्टन दोनदा फिरवला. गाडी आता मागच्या खोलीत नाही, जिन्याखाली आहे, झाकून. विटांवर उचलून ठेवली, म्हणजे टायर एका जागी चपटे होणार नाहीत.

आज झाकताना लक्षात आलं, बाबांनी पेडलच्या पट्टीला एका ओळीत तीन भोकं पाडली आहेत, दोन-दोन इंचांवर. सध्या बोल्ट पहिल्यात आहे. विचारलं तर म्हणाले, "पोरगी वाढणार नाही का?"

तिसरी_पाळी | ८ जून, सकाळी ७:१०

दुसऱ्या भोकात नेताना केबलची लांबी बदलायला विसरू नका. आणि बोल्ट ८.८ ग्रेडचाच (जास्त मजबुतीचा) टाका.